मॉरिशसला आलीस, आता राहायलाही लाग

‘ताई, जानेवारीत आम्ही पुण्याहून मॉरिशसला आलो. ह्यांची नोकरी एबेनच्या सायबर सिटीत, घर कात्र बोर्नला, मुलगी नऊ वर्षांची. मी पुण्यात एका सहकारी बँकेत होते, इथे घरीच असते. समुद्र, डोंगर सगळं सुंदर आहे, पण दिवस जाता जात नाही. इथे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला होता. गणपतीच्या आधी महिनाभर त्यांच्या मंडळात जायला लागले. पण ताई, त्यांना मराठी बोलताच येत नाही! आपापसात क्रिओल, म्हणजे इथली रोजची बोली. आरत्यांचे शब्द बदललेले, अथर्वशीर्षाचे उच्चार चुकीचे, नाचाच्या गाण्यांचा तर अर्थच लागत नाही. मी चांगल्या मनाने मंडळाच्या ग्रुपवर दुरुस्त्या लिहून टाकल्या आणि पुढच्या वर्षीचा कार्यक्रम मीच बसवून देते म्हणाले. तेव्हापासून सगळे गोड बोलतात, पण बोलवत कुणी नाही. मंडळ बघणाऱ्या बाई नुसतं “पुढच्या वर्षी बघू” म्हणाल्या. मुलगी शाळेतून क्रिओल शिकून येते आणि शेजारच्या आजींशी खिदळत बसते. त्या दोघी काय बोलतात ते मला कळत नाही. इथे नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप आहे, पण तिथे मसाले कुठे मिळतात आणि कामवाली किती घेते एवढ्याच गप्पा. शाळेच्या सुट्टीत मुलीला घेऊन पुण्याला जावं आणि परत येऊच नये असं वाटतं. माझं चुकलं काय? – परकी, कात्र बोर्न’

प्रिय परकी,

बाईंनी तुला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं म्हणजे तुझ्यावर दार लावलेलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर ‘बघू’ एवढंही तोंडातून निघालं असतं की नाही, शंका आहे. महिनाभरापूर्वी मंडळात आलेल्या बाईने चारचौघांत, तेही लेखी, तुमची आरती चुकीची आहे असं सांगितलं आणि वर कार्यक्रमाची सूत्रं मागितली. तुझं कुणी ऐकून घेतलं नाही असं तुला वाटतंय. पत्र वाचून मला वाटलं, बरंच ऐकून घेतलं.

तुझा हेतू वाईट नव्हता, ते दिसतंच आहे. घोळ असा झाला की तुला वाटलं, आपण आपल्याच घरच्या माणसांत आलो, आणि घरच्यांना जशी सूचना करतो तशी तू केलीस. पण ती माणसं तुझ्या घरची नाहीत. ती मॉरिशसची आहेत, आणि तू त्यांच्याकडे आली आहेस. हे एकदा मनात नीट बसलं की बाकीची अर्धी कटकट आपोआप मिटेल, म्हणून इथे जरा वेळ थांबते.

मराठी माणसं मॉरिशसला तुझ्या नवऱ्यासारखी पॅकेज घेऊन गेली नाहीत. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. 2 नोव्हेंबर 1834 ला कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाजाने 36 जण आले, आणि मग 1920 च्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची कोकणी माणसं पुष्कळ. ती उतरली त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या अजून आहेत, 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. (आपल्याकडून गेलेली बहुतेक मंडळी त्याच्या शेजारच्या कोदाँ वॉटरफ्रंटवर आइस्क्रीम खाऊन, फोटो काढून परततात. तू बघितलास का घाट? 2 नोव्हेंबरला तिथे सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी मुलीला घेऊन जा.)

दिवसभर ऊस तोडणाऱ्या, बहुतेकांना लिहितावाचता न येणाऱ्या त्या माणसांनी आरत्या आणि गाणी नेली ती तोंडपाठ. छापील आरतीसंग्रह नाही, चूक झाली तर सांगायला गुरुजी नाहीत. हेन्रिएटा गावात 1896 मध्ये गणपती बसवल्याचं तिथली मंडळी सांगतात. टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सव तेव्हा उणापुरा तीन वर्षांचा होता. आज साडेबारा लाखांच्या त्या देशात मराठी म्हणजे मूठभर लोक, तरी गणेश चतुर्थीची सुट्टी देशभर असते, आणि विसर्जनाला समुद्रावर ज्या नाचत-गात मिरवणुका जातात त्या तू डोळ्यांनी बघितल्या आहेस.

त्या नाचाबद्दल. तुला अर्थ न लागलेली गाणी बहुधा जाखडीची असणार. गौरी-गणपतीत कोकणात जाखडी, बाल्या नाच बघत मोठा झालेला माणूस ती चाल लांबून ओळखेल. कोथरूडच्या सोसायटीतल्या गणपतीसमोर ती कुणी म्हणत नाही, म्हणून तुझ्या कानाला ती परकी. आरत्यांचंही तेच. कोकणात एका वाडीची चाल दुसऱ्या वाडीत नसते, कडवी पुढेमागे असतात, मधेच कुणाचं तरी जोडलेलं कडवं येतं. तुला जी बिघडलेली मराठी वाटली, तिच्यातली बरीचशी तुला न येणारी मराठी होती.

आणि ‘त्यांना मराठी बोलताच येत नाही’ हे तू ज्या सुरात लिहिलंस, तो सूर त्यांच्यापर्यंत पोचलेला असणार. त्यांची घरातली भाषा क्रिओल आहे, जशी जवळजवळ सगळ्या देशाची आहे. वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, सरकारी कागद इंग्रजीत, खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांत भोजपुरी. एवढ्या भाषांच्या गर्दीत काही कुटुंबं प्राथमिक शाळेत मुलांना मुद्दाम मराठी विषय घ्यायला लावतात. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती पुढे शिकता येते, सरकारतर्फे मराठी नाट्यमहोत्सव भरतो, आणि घरी क्रिओल बोलणारी पोरं त्यात मराठी संवाद पाठ करून उभी राहतात. उच्चार डगमगतात, खरं आहे. पण आजीपासून घरात कुणी न बोललेली भाषा सहाव्या पिढीला मंचावर आणायची, याला काय चिकाटी लागते त्याचा विचार कर. पुण्यातल्या इंग्रजी शाळांच्या पालकांनी, ज्यांची मुलं एकोणसाठ म्हणजे किती असं विचारतात, त्यांनी या बाबतीत थोडं गप्प बसलेलं बरं.

आणखी एक सांगते, कारण नवीन गेलेले सगळेच ते करतात. ‘तुमचं मूळ गाव कुठलं? आडनाव काय?’ हे पहिल्या भेटीत विचारू नकोस. उतरल्यावर कारकुनाने जे नाव ऐकलं आणि जसं लिहिलं, ते पूर्वजाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. गाव कुणाला ठाऊक असतं, कुणाला नसतं. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात त्या मजुरांची नोंदणी-पुस्तकं आणि काहींचे फोटो जपून ठेवले आहेत, लोक तिथे आपला माणूस शोधायला जातात. कुणाला सापडतो, कुणाला नाही. तू सहज विचारलेल्या प्रश्नाला समोरच्याकडे उत्तर नसेल, तर ते काही सहज राहत नाही.

आता मंडळाचं काय करायचं? ग्रुपवर लांबलचक माफीनामा लिहू नकोस. पुन्हा सगळ्यांना तुझ्याविषयीच बोलावं लागेल. बाईंना एकट्या गाठ, एका वाक्यात दिलगिरी म्हण, आणि लगेच विचार, मला जाखडी शिकवाल का? खरंच शिकायची असेल तरच विचार. पायाला ठेका जमणार नाही, लोक हसतील, हसू दे. पुढचा जो कार्यक्रम असेल, मग तो मंडळाचा असो की कास्कावेलच्या महाराष्ट्र भवनातला, तिथे आधी दोन तास जाऊन स्वयंपाकघरात उभी राहा. भाजी चिरायला, केळीची पानं पुसायला, नंतर पातेली घासायला. मंचावर माणसं लगेच मिळतात गं, पातेल्यांशी कुणी नसतं. तू बँकेत होतीस, म्हणजे हिशेब तुझ्या हातचा मळ. नोंदणी झालेल्या संस्थांना दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो, आणि कुठल्याही मंडळात ते काम शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाच्या तरी डायनिंग टेबलावर पडून असतं. तेही लगेच मागून घेऊ नकोस. चार वेळा पातेली घासलेल्या बाईला पाचव्या वेळी कुणीतरी आपणहून विचारतं.

एक वर्ष कुठलीही सूचना करायची नाही, एवढं पथ्य पाळ. वर्षानंतरही चूक वाटली तर तेव्हा बघ, अजून चूक वाटते का.

पण खरं सांगू? तुझ्या एकटेपणाची किल्ली मंडळात नाहीच. मंडळ भेटतं सणावाराला. तुझा मंगळवार कसा जायचा? बुधवार? त्यासाठी तुझी गल्ली आहे, आणि गल्लीत जायचा रस्ता तुझ्या मुलीने केव्हाच शोधलाय. ती शेजारच्या आजींशी खिदळते आणि तू खिडकीतून बघत बसतेस. जा ना तिथे! मुलगी दुभाषी. पोरीला आईला शिकवायला मिळालं तर ती आठवडाभर अंगात आल्यासारखी शिकवेल. घरी मराठी सुटेल अशी धास्ती नको धरूस. जेवताना, भांडताना, झोपताना तुमची मराठीच राहणार आहे. अंगणातली भाषा अंगणात असू दे.

क्रिओल वर्गात बसून शिकायची गरज नाही, तू राहतेस त्या गावात बाजार आहे. भाजीचे वार वेगळे, कपड्यांचे वेगळे. भाजीच्या वारी सकाळी लवकर जा, पिशवी घेऊन, गाडीने नाही. दोडक्याला तिथे पिपांगाय म्हणतात, कारल्याला मार्गोझ, भेंडीला लालो, लाल भोपळ्याला जिरोमों, शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरूम, टोमॅटोला पोमदामूर. पडवळ म्हणजे पातोल आणि कोथिंबीर म्हणजे कोतोमिली, ती तमिळ लोकांबरोबर आली. दर वेळी एकाच भाजीवाल्याकडे जा. आधी ‘बोंझूर’, मग ‘की मान्येर?’, मग भाव. नमस्कार न करता थेट ‘कितीला?’ विचारणं तिथे उद्धट दिसतं. बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात सगळीकडे तसंच आहे. आपल्याला पुण्यात याची सवय नाही, आपण दुकानदाराने आपल्याकडे बघितलं तरी उपकार मानतो.

भाजीवाला तिसऱ्या-चौथ्या खेपेला चायोट या वेलीवरच्या हिरव्या फळभाजीचं काय करायचं ते सांगेल, त्याला तिथे सुसू म्हणतात आणि ते प्रत्येक घरात शिजतं. सांगेल तसं कर, आणि आजींना वाटीभर नेऊन दे. त्या चव घेऊन नाक मुरडतील किंवा आणखी काहीतरी सांगतील. दोन्हींमधून संभाषण पुढे सरकतं. परतताना गाड्यावर दालपुरी खा. ती जोडीने मिळते, आत घेवड्यासारख्या बियांची रस्साभाजी आणि टोमॅटोची रुगाय. आपल्या पुरणपोळीची बिनगोडाची बहीण म्हण हवं तर. मधल्या शहरांतली जुनी दुकानं गुरुवारी दुपारनंतर बंद होतात, हे तुला एव्हाना हेलपाटा घालून कळलंच असेल.

रविवारी तुम्ही बीचवर जाता का, आणि कुठल्या? हॉटेलच्या समोरचा नको. फ्लिक आँ फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली जा. तिथे अख्खी कुटुंबं सकाळपासून डेगच्या, चटया, पत्ते, कधी सेगा ही तिथली लोकगाणी वाजवायला रावान हा मोठा डफ घेऊन ठाण मांडतात. आजींच्या घरचेही जात असतील. ‘आम्हाला कुणी घरी बोलवत नाही’ ही तक्रार मी इथून गेलेल्या पुष्कळ बायकांकडून ऐकली आहे. तिथे ओळख पुष्कळदा झाडाखाली होते, घर नंतर. तूच एकदा म्हण, या रविवारी आम्हीही येऊ का? सोबत काहीतरी मोठ्या पातेल्यात करून ने, डब्यात नको. डबा स्वतःपुरता असतो.

आता वादळाचं, कारण हंगाम तोंडावर आलाय. नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळाचे महिने. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. दोन लागला की शाळा बंद, तीन लागला की बस, दुकानं, कार्यालयं बंद आणि माणसं दारं लावून घरात. तू जानेवारीत आलीस म्हणजे एक हंगाम अर्धामुर्धा बघितलास, पण तेव्हा नवी होतीस आणि बहुधा नवरा सांगेल तेवढंच कळत होतं. या वेळी आधीच आजींकडे जाऊन विचार, तुम्ही काय काय भरून ठेवता? म्हातारी माणसं या विषयावर तासभर बोलतात. पिण्याच्या पाण्याचे कॅन, बॅटऱ्या, मेणबत्त्या, सार्डिनचे डबे, बिस्किटं, खिडक्यांच्या झडपा, गच्चीवरच्या कुंड्या खाली आणणं. बोलता बोलता त्या ‘कॅरल’वर येतील. 1960 च्या फेब्रुवारीतल्या त्या वादळाने हजारो घरं पाडली. आज दिसतात ती सपाट गच्चीची सिमेंटची घरं बरीचशी त्याच्या धड्यातून आलेली. तुझ्या आजींना त्या वेळी कुणाच्या तरी शाळेत नाहीतर देवळात रात्र काढल्याचं आठवत असेल, किंवा त्यांनी आईकडून ऐकलं असेल. ऐकून घे. अर्धं कळलं तरी बस.

त्यांच्या खिडकीची झडप एकटीने लागत नसेल तर ती लावून दे, त्यांच्या मुलाचा फोन नंबर लिहून घे आणि तुझा त्यांना दे. वादळ गेल्यावर गल्लीत फांद्या पडतात, सगळे झाडू घेऊन बाहेर येतात. त्या वेळी बाल्कनीतून व्हिडिओ काढून पुण्याला पाठवत बसलीस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. खाली जा. आणि पावसात गाडी काढायची नाही, हे मात्र गंमत नाही. जानेवारी 2024 मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याने गाड्या वाहून नेल्या. 2013 च्या मार्चमध्ये त्याच शहरात अचानक आलेल्या पुरात माणसं गेली होती.

या बेटावरचे लोक एकमेकांसाठी कसे बाहेर पडतात ते बघायचं असेल तर 2020 आठव. त्या जुलैत ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढून अडकलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल समुद्रात यायला लागलं. लोक हुकमाची वाट बघत बसले नाहीत. माएबुर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं जमली, उसाचं पाचट कापडात ठासून भरलं, लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. तेल शोषून घ्यायला कुणी डोक्याचे केस कापून दिले. साखरेच्या देशात पाचटाला तोटा नाही, पण ते असं वापरायचं हे शिवायला बसलेल्यांनी ठरवलं. अशा ठिकाणी तोडकीमोडकी भाषा चालते. हात चालावे लागतात.

इतकं मोठं संकट रोज येत नाही, ते येऊही नये. पण महाशिवरात्र दरवर्षी येते. आठवडाभर आधीपासून लोक खांद्यावर कावड घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यातून गंगा तलावाकडे पायी निघतात, आणि रस्त्यात जागोजागी त्यांना पाणी, सरबत, खाणं देणारे मांडव लागतात. पालखीच्या वेळी वारकऱ्यांना केळी आणि चहा वाटायला पुण्यात तू कधी उभी राहिली असशील, तर मांडवात काय करायचं ते तुला सांगावं लागणार नाही. तुझ्या भागातून रस्ता जातोच. एखाद्या मांडवात जाऊन ‘मी पेले भरते’ म्हण. रात्रीची पाळी माग, तेव्हा माणसं कमी पडतात. सप्टेंबरात पेर लाव्हाल या कॅथलिक धर्मगुरूंच्या समाधीवर अशीच पायी गर्दी जाते, त्यात ख्रिश्चन असतात आणि हिंदू, मुसलमानही असतात. मला मॉरिशसमधली ही गोष्ट फार आवडते, आणि पर्यटकांच्या पुस्तिकांमध्ये ती डोडो पक्ष्याच्या खाली कुठेतरी दोन ओळींत असते.

नोकरीचं तू विचारलेलं नाहीस, पण ओळींमधून ते डोकावतंय. नवऱ्याच्या परवान्यावर तू तिथे राहू शकतेस. पगारी काम करायचं तर तुझ्या नावाची वेगळी परवानगी लागते का, ते आधी बघावं लागेल. नियम बदलत असतात, त्यामुळे मैत्रिणीच्या मैत्रिणीने काय केलं त्यावर जाऊ नकोस. इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे थेट विचार, आणि विनामोबदला कामालाही काही अट आहे का ते त्याच वेळी विचारून घे. हिशेबनीस बाई रिकामी बसली की घरच्यांचे हिशेब काढायला लागते. ते टाळायला लवकर विचार.

मसाले-कामवाली ग्रुपवर इतकं नाक मुरडू नकोस. ताप चढला की रात्री अकराला क्रोसिन तिथूनच येतं. फक्त सगळी संध्याकाळ त्यांच्यात घालवू नकोस. तसंच पुण्याचं. घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे, त्यामुळे फोनवर पुण्याचा दिवस जसाच्या तसा जगता येतो. सकाळी आईचा स्वयंपाक, दुपारी बहिणीची खरेदी, संध्याकाळी मालिका. माणूस तिथे, दिवस इथे. फोन रात्री जेवल्यावर कर. सकाळ कात्र बोर्नला दे. डिसेंबरात तिथे लिचीचे घोस उतरतात आणि गुलमोहर लालभडक होतो. आईला व्हिडिओवर गुलमोहर दाखव, ती म्हणेल, थंडीत? पाच मिनिटं विषय पुरेल.

पुण्याला जायचं म्हणतेस तर जरूर जा. शाळेच्या सुट्टीत लोकं गावी जातातच, त्याचा अपराध नको वाटायला. मात्र तिकीट जातानाच परतीचं काढ, शाळा सुरू होण्याआधी चार दिवसांचं. ‘परत यायचं की नाही’ हा निर्णय पुण्यात, आईच्या हातची आमटी खाताना घेऊ नकोस. तो शिवरात्रीनंतर घे, मांडवातल्या पेल्यांचा हिशेब झाला की. तेव्हाही परतावंसं वाटलं तर परत ये. सगळ्यांनाच बेट मानवतं असं नाही, आणि नवऱ्याशी त्याबद्दल आत्ताच मोकळं बोल. त्याला एबेनमध्ये दिवसभर माणसं भेटतात, तुला भेटत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलेलं नसण्याची शक्यता भरपूर आहे.

येताना मंडळासाठी आरतीसंग्रहाच्या पन्नास प्रती आणण्याचा मोह होईल. आणू नकोस. मोदकाचे साचे आण, ते कुणालाही दुखवत नाहीत. आजींसाठी तुळशीचं बी, कढीपत्त्याचं रोप असलं काही बॅगेत घालू नकोस, परवान्याशिवाय विमानतळावर अडवतात, आणि कढीपत्ता त्यांच्या अंगणात तुझ्या अंगणापेक्षा मोठा असणार. कोल्हापुरी चप्पल ने. पायाचं माप मात्र जाण्याआधी तूच क्रिओलमध्ये विचारून घे, मुलीला मधे घालू नकोस.

– ताई